टॉलिव्हरची उचकी

सिनेमाला उचकी लागते हे मला त्रेचाळीस साली कळलं. त्या साली माझा नवरा लायनस सैन्यात गेला आणि पॅरागॉन थिएटरचे मालक मला म्हणाले, "ओडेसा, सिनेमाचं मशीन चालवशील का? पुरुषमाणूस मिळेना." चालवीन म्हटलं. लायनसचा जेवणाचा डबा घेऊन मशीनच्या खोलीत रोज जातच होते, बघून बघून सगळं येत होतं. पॅरागॉन आमचं, काळ्यांचं; अमेरिकेच्या दक्षिणेत थिएटरंही वेगळी. खुर्च्या गोऱ्यांच्या थिएटरानं टाकून दिलेल्या. सिनेमेही त्यांचे बघून झाले, ओरखडे पडले, की मग आमच्याकडे.

रीळ उलटं गुंडाळताना फिल्मच्या कडेला दोन बोटं हलकी टेकवून ठेवायची असतात. जिथं फिल्म कापून चिकटवलेली असते तिथं बोटाला घासात खडा यावा तसं लागतं. बहुतेक खडे रिळाच्या सुरुवातीला नाहीतर शेवटी, कारण फिल्म तिथंच फाटते. पण ऑरिन टॉलिव्हरच्या सिनेमांत खडा भलतीकडेच, अगदी मधोमध लागायचा. आणि ती फाटलेली फिल्म नव्हती. कात्रीनं सरळ कापलेली होती.

टॉलिव्हर म्हणजे पडद्यावरचा आमचा माणूस. सिनेमाच्या सुरुवातीला जी नावं येतात त्यात काळ्या माणसाचं नाव आमच्या थिएटरात कुणी पहिल्यांदा वाचलं ते त्याचं. शेवटून दुसरं, बारीक अक्षरात, पण होतं. नाव वाचून लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग हा बाबा आला तो हातात ट्रे घेऊन. पुढच्या सिनेमात पुन्हा ट्रे. मग हमाल, मग कोचमन, मग पुन्हा ट्रे. टाळ्या थांबल्या. लोकांनी चिडायला सुरुवात केली, आणि चिडून थकल्यावर हसायला.

हसायला कारणही तसं होतं. पडद्यावर टॉलिव्हर चांदीच्या ट्रेमध्ये पत्र घेऊन साहेबाकडे चालत येतो. टुक्. पत्र साहेबाच्या हातात, आणि टॉलिव्हर दाराशी पोचलेला. मधलं काही नाहीच. दुसऱ्या सिनेमात किल्ली. टुक्. किल्ली मालकिणीच्या मुठीत. "लागली रे लागली, टॉलिव्हरला उचकी लागली!" अख्खं थिएटर ओरडायचं. पुढं तो शब्दच झाला. कुणी बोलताना अडखळला, कुणी पायरी चुकला, की पोरं म्हणायची, "काय रे, टॉलिव्हर झाला का तुझा?" तिकीटखिडकीवरची बर्डी मावशी म्हणायची, "मेला गोऱ्याची वस्तू द्यायला इतका धावतो, की कॅमेऱ्यालासुद्धा सापडत नाही."

मीही हसले. खोटं कशाला लिहू. पण माझ्या बोटाला तो खडा लागत होता. फाटली नाही तर कापली कुणी? आणि फक्त याच माणसाची का? मला चैन पडेना. मी शाळकरी वही आणली आणि लिहायला लागले. सिनेमाचं नाव, कितवं रीळ, उचकीच्या आधी काय दिसतं, नंतर काय दिसतं. चार वर्षांत अकरा सिनेमे, चौदा उचक्या.

लिहिता लिहिता आणखी एक गोष्ट ध्यानात आली. बटलरला पांढरे हातमोजे असतात. टॉलिव्हरच्या डाव्या हातात मोजा असायचा. उजवा हात उघडा. सगळ्या सिनेमांत. "स्टुडिओ कंजूष आहे," बर्डी मावशी म्हणाली, "काळ्याला मोजाही अर्धाच." मी वहीत लिहिलं: दुसरा मोजा कुठं आहे?

पंचेचाळीसच्या शेवटी लायनस परत आला. मशीन त्यानं पुन्हा मागितलं नाही, लाकडाच्या गिरणीत लागला. फ्रान्समध्ये दीड वर्ष लष्कराचा ट्रक चालवून आलेला माणूस, पण तिकडचं काही बोलायचा नाही. एकदाच बोलला. लोव्हेटच्या दुकानातून खिळे घेऊन आला होता. आमच्या हॅलोबी गावात गोरा दुकानदार काळ्याच्या हातात काही देत नाही. खिळे असोत, दोऱ्याचं रीळ असो, उरलेली मोड असो, फळीवर ठेवतो, आपण उचलायचं. जन्मापासून तेच, मला त्यात लिहिण्यासारखंही काही वाटलं नसतं. लायनस खिळे टेबलावर टाकून म्हणाला, "डेसा, तिकडे एका बेकरीवाल्या म्हातारीनं पाव दिला होता. असा. तळहातावर ठेवला आणि वरून माझी बोटं मिटली तिनं." मग उठून बाहेर गेला. तो पाव काही आमच्या घरातून गेला नाही.

सत्तेचाळीसच्या जुलैमध्ये भिंतीवर कागद लागला. सिनेमानट ऑरिन टॉलिव्हर येणार, शुक्रवारी दुपारी चार वाजता पॅरागॉनमध्ये बोलणार. स्टुडिओनं त्याला काढल्याचं आम्ही शिकागोहून येणाऱ्या आपल्या, काळ्यांच्या पेपरात वाचलं होतं. काळ्या नटांची युनियन बांधली, फाटकासमोर पाटी घेऊन उभा राहिला, म्हणून. आता जुन्या गाडीतून दक्षिणेत गावोगाव फिरत होता आणि लोकांना मतदार यादीत नाव घालायला कोर्टात, म्हणजे तिथल्या कचेरीत, घेऊन जात होता. शनिवारी सकाळी त्याला हॅलोबीची माणसं हवी होती. चर्चनं जागा नाकारली. मालकांनी थिएटर दिलं, आणि सत्कार म्हणून त्याचाच एक सिनेमा मागवून ठेवला, 'हॅरो हॉलची घंटा'. दुसऱ्या रिळात एक उचकी, चौथ्यात एक. माझ्या वहीत होतं.

माणूस पडद्यावर दिसायचा त्यापेक्षा बुटका निघाला. कानाजवळ केस पांढरे. कोट चांगला, पण कोपरावर चकाकणारा. मशीनच्या खोलीचा जिना चढून स्वतः वर आला आणि हात पुढं करून म्हणाला, "मिसेस पिकेट ना तुम्ही? बाईमाणूस मशीन चालवते हे पहिल्यांदा बघतोय."

मला मिसेस म्हणणारी माणसं मी बोटांवर मोजू शकते. तरी माझं लक्ष त्याच्या उजव्या हाताकडे. विचारणारच होते, तेवढ्यात खालून मालकांनी हाक मारली.

पन्नासेक माणसं आली होती. निम्मी पंख्यासाठी, थोडी नट बघायला. टॉलिव्हर पडद्यासमोरच्या फळ्यांवर उभा राहिला. बोलला चांगला. म्हणाला, "एकटा माणूस गेला तर त्याला बाजूला काढतात, कुणाला पत्ताही लागत नाही. दहा जण गेले आणि त्यांना काढलं, तर मध्ये भोक दिसतं. मला दहा जण द्या." मी वरच्या खिडकीतून ऐकत होते. कोर्टात जायचं म्हणजे काय, ते प्रत्येकाला ठाऊक. नोकरी जाते, घर जळतं, कधी माणूसच जातो.

लायनस मागच्या रांगेत उभा होता. तो म्हणाला, "मी युद्धावर जाऊन आलोय, साहेब. कुणाच्या मागनं चालायचं ते बघून चालतो. तुम्ही एकतीस सिनेमांत ट्रे वाहिला. उद्या तिथंही ट्रे घेऊन जाणार का?"

हशा पिकला. टॉलिव्हरही थोडा हसला. हे त्यानं प्रत्येक गावात ऐकलं असणार. तो म्हणाला, "ट्रे वाहिला, खरं आहे. पण कसा वाहिला ते बघितलंत ना तुम्ही?"

"बघितलं की!" बर्डी मावशी पहिल्या रांगेतून ओरडली. "उचक्या देत देत!"

आता थिएटर कोसळलं. पोरं खुर्च्या बडवायला लागली. "एक उचकी काढून दाखवा! लायनस, पत्र धर!" मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. अपमान झालेल्या माणसाचं तोंड मला ओळखू येतं, ते तसं नव्हतं. त्याला काही कळतच नव्हतं.

"उचकी? कसली उचकी?"

कुणी सांगेना. चेष्टा करणं सोपं, ती ज्याची केली त्याला समजावून सांगणं अवघड. मी वही घेतली आणि जिना उतरले. चार वर्षांचा प्रश्न होता माझा, तो काही मी वर बसून वाया जाऊ देणार नव्हते.

"मिस्टर टॉलिव्हर," मी म्हटलं, "'रिव्हरमाँटची मालकीण', तिसरं रीळ. आधी ट्रेमध्ये किल्ली. नंतर किल्ली बाईच्या मुठीत. मधलं कापलंय. 'मिस कॉर्डेलियाचं लग्न', पहिलं रीळ. तुमच्या हातात अंगठीची डबी. नंतर डबी नवऱ्यामुलाच्या हातात. मधलं कापलंय. 'हॅरो हॉलची घंटा'..."

"थांबा," तो म्हणाला. "कापलंय म्हणजे?"

"म्हणजे नाहीये. कात्रीनं. नदीच्या वरच्या अंगाला ते शहर आहे ना, आमचे सगळे डबे तिथल्या सेन्सॉरच्या खोलीतून येतात."

"सगळ्या सिनेमांत?"

"मी लावलेल्या अकराही सिनेमांत. चौदा ठिकाणी."

"आणि माझा हात?"

"उघडा दिसतो. उजवा. पण देताना कधीच दिसत नाही."

तो फळ्यांच्या कडेवर बसला. बसला म्हणजे खाली गेलाच. बर्डी मावशी उठून पाणी आणायला निघाली, तिला त्यानं हातानं थांबवलं. मग बोलला ते आमच्याशी नव्हे, स्वतःशीच बोलल्यासारखं.

"माझ्याबरोबर गाणारी माणसं होती. सोन्यासारखी गायची. त्यांना अख्खं गाणं द्यायचे, सुंदर कपडे, सुंदर दिवे. का माहितीये? गाणं काढून टाकलं तरी गोष्ट चालते. दक्षिणेत पाठवताना चामखीळ काढावी तसं गाणं काढायचे. माणूस होता की नव्हता, कळायचंही नाही. मी म्हटलं, मी गाणार नाही. मी पत्र नेणार. पत्र कसं काढाल? पत्र काढलं तर पुढं लग्न मोडत नाही, खून सापडत नाही. म्हणून मी ट्रे धरला. किल्ली, पत्र, पिस्तूल, जे काही असेल ते माझ्या हातातून गेलं पाहिजे."

"आणि मोजा?" मी विचारलं. राहवेना.

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून बारा वर्षं थांबला होता. "मोजा हरवायचो मी. दर सिनेमात, उजवाच. कपडेवाली बाई शिव्या द्यायची. दिग्दर्शक सांगायचा, ट्रे पुढं कर, साहेब उचलतील. मी म्हणायचो, साहेब, ट्रेमधून उचलायचं म्हणजे कॅमेऱ्याला ट्रेवर थांबावं लागेल, मी हातातच दिलं तर वेळ वाचतो. वेळ वाचतो म्हटलं की तो माणूस काहीही ऐकायचा. मग मी हातात द्यायचो. उघड्या हातानं, त्याच्या उघड्या हातात. बोटाला बोट लागेपर्यंत सोडायचो नाही. एका मोठ्या नटानं नंतर रुमालानं हात पुसला. पुसू दे, म्हटलं. तोवर फिल्मवर आलं होतं." तो थांबला. "मी जॉर्जियाचा आहे. आमच्याकडेही फळीवरच ठेवतात. मला वाटायचं, तिकडे आपली माणसं बसली असतील आणि बघत असतील, गोऱ्या माणसानं काळ्याच्या हातातून घेतलं. एवढंच. बाकीचा सिनेमा त्यांचा, तेवढी दोन बोटं माझी. बारा वर्षं मला वाटत होतं, तुम्ही बघताय."

मग तो हसला, आणि ते हसणं मला अजून आवडत नाही. "म्हणजे एकाच माणसानं बघितलं. कापणाऱ्यानं. नीट बघितलं असणार, चौदा वेळा. तोच माझा खरा प्रेक्षक."

मला राग आला. त्याचा नव्हे, माझा. चार वर्षं खडा माझ्या बोटाखाली होता आणि मी वहीत अक्षरं काढत बसले. मी वर पळाले. 'हॅरो हॉलची घंटा'चं दुसरं रीळ मशीनवर चढवलं. दिवे घालवले आणि सुरू केलं.

टॉलिव्हर ट्रे घेऊन येतो. पत्र. टुक्. साहेबाच्या हातात.

कुणीतरी सवयीनं हसलं. मी मशीन थांबवलं, रीळ मागं घेतलं, पुन्हा लावलं. ट्रे, पत्र, टुक्. आता कुणी हसलं नाही. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा टॉलिव्हर उठून पडद्यासमोर उभा राहिला, त्याची सावली पडद्यावर पडली. टुक् झालं त्या क्षणी त्यानं उजवा हात पुढं केला, रिकामा. भोक जिथं होतं तिथं, बरोबर.

"पुन्हा," खालून आवाज आला. लायनसचा होता. "डेसा, पुन्हा लाव."

मी लावलं. लायनस मधल्या वाटेनं चालत पुढं गेला आणि पडद्याच्या उजेडात त्या हातासमोर उभा राहिला. टुक् झालं तेव्हा त्यानं तो हात धरला. बर्डी मावशी म्हणाली, "अगं बाई," आणि टोपीच्या फितीत नाक पुसलं. मग मोठ्यानं म्हणाली, "उद्या किती वाजता म्हणालात?"

दहा काही मिळाले नाहीत. नऊ मिळाले.

शनिवारी सकाळी कोर्टात आम्ही रांगेत उभे राहिलो. लायनस पहिला, मग मी, मग बर्डी मावशी, मागं बाकीचे. टॉलिव्हर कॅलिफोर्नियाचा मतदार, त्याला इथं काम नव्हतं, तो दाराजवळच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला. खिडकीच्या फळीमागं कारकून हार्वे टेट. त्यानं लायनसकडे बघितलंही नाही. "काय पाहिजे तुला?"

"मतदार यादीचा फॉर्म, सर."

टेटनं मागं वळून कुणाशी तरी डोळ्यांनी बोलून घेतलं. मग एक फॉर्म फळीवर टाकला. फॉर्म घसरत कडेपर्यंत आला.

लायनसनं तो उचलला नाही. त्यानं उजवा हात पुढं केला, तळवा वर.

आम्ही असं काही ठरवलं नव्हतं. शपथेवर लिहिते, ठरवलं नव्हतं.

"उचल की," टेट म्हणाला.

"वाट बघतोय, सर."

"कशाची?"

"फॉर्मची."

"समोर पडलाय ना! आंधळा आहेस का?"

"पडलाय, सर. दिसतोय."

टेटचं तोंड लाल झालं. बर्डी मावशी माझ्या पाठीशी पुटपुटत होती, देवाशी की लायनसशी, कोण जाणे. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकला, पुन्हा सरकला. लायनसचा हात हलला नाही. तो हात मी तेरा वर्षं ओळखते. 

आमच्या मागं एव्हाना चार गोरी माणसं जमली होती. त्यातला एक बर्फवाला, त्याला ट्रकच्या नंबराची पाटी हवी होती. तो ओरडला, "ए हार्वे! काय चाललंय तिथं?"

"हा फॉर्म घेत नाहीये."

"मग दे ना त्याच्या हातात आणि मोकळा हो! बाहेर ट्रकमध्ये माझा चारशे पौंड बर्फ पाणी होतोय!"

"मी कशाला देऊ त्याच्या..."

"अरे, लग्न लावायला सांगतोय का तुला? दे!"

बर्फवाला काही आमच्या बाजूचा नव्हता, हे स्पष्ट लिहून ठेवते. त्याला त्याचा बर्फ होता. पण टेटनं त्याच्याकडे बघितलं, मागच्या रांगेकडे बघितलं, फॉर्म फळीवरून उचलला आणि लायनसच्या तळहातावर आपटला. आपटताना त्याची बोटं लागली. लायनसनं पटकन मूठ मिटली नाही. सावकाश मिटली, बेकरीतल्या म्हातारीनं शिकवल्यासारखी.

मशीनपाशी चार वर्षं काढली की वेळ सेकंदांत दिसत नाही. एका सेकंदाला चोवीस चित्रं. माझ्या डोक्यात आपोआप मोजणी सुरू झाली होती: टेटची बोटं तळहाताला किती चित्रं टेकली.

फॉर्म लायनसला मिळाला, नाव लागलं नाही. राज्यघटनेचं एक कलम वाचून अर्थ सांग म्हणाले. त्यानं सांगितला. चूक म्हणाले. मी सांगितला, तोही चूक. बर्डी मावशीला म्हणाले, म्हातारे, घरी जा. नऊच्या नऊ नापास. सोमवारी लायनसची गिरणीतली नोकरी गेली. ज्यांना गोड शेवट हवा असेल त्यांनी गोऱ्यांच्या थिएटरात जावं, तिथं कापून गुळगुळीत केलेलाच मिळतो.

कोर्टाच्या पायऱ्या उतरताना टॉलिव्हर माझ्या शेजारून चालत होता. लायनस पुढं, हात खिशात. आत फॉर्म त्याच्याकडून परत घेतला होता, पण हात त्यानं खिशात जपून ठेवल्यासारखा ठेवला होता.

"मिसेस पिकेट," टॉलिव्हर हळूच म्हणाला, "तुम्ही मोजलीत ना? ओठ हलत होते तुमचे. किती?"

"अठरा."

"अठरा." तो दोन पायऱ्या विचार करत उतरला. "'रिव्हरमाँट'मध्ये मला बावीस मिळाली होती."

"ती कुठं आहेत?" मी म्हटलं.

त्यावर तो मोठ्यानं हसला. ते हसणं मला आवडलं. लायनसनं मागं वळून विचारलं, "काय झालं? हसताय कशाला?"

"काही नाही," मी म्हटलं. "उचकी लागली त्यांना."